आईबाबा पहिल्यांदाच एकटे बॉस्टनला : मध्ये विमान बदलायचं, ट्रान्झिट व्हिसा लागेल का?

वारणाकाठची | ४ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. आईबाबा मार्चमध्ये सांगलीहून माझ्याकडे बॉस्टनला येताहेत. दोघांचा दहा वर्षांचा अमेरिकेचा बी१/बी२ व्हिसा झालाय. परदेशवारी पहिलीच, बरोबर कुणी नाही. बाबा इंग्रजी पेपर वाचतात, पण समोरचा भरभर बोलायला लागला की "येस येस" करून मोकळे होतात. आईचे गुडघे दुखतात.

मुंबई-बॉस्टन थेट विमान नाही. नवऱ्याने तीन पर्याय काढलेत. एक फ्रँकफुर्टमार्गे, मध्ये दीड तास. दुसरा लंडनमार्गे, त्यात मुंबई-लंडन आणि लंडन-बॉस्टन अशी दोन वेगळी तिकिटं, मध्ये पाच तास, पण दोघांचे मिळून बरेच पैसे वाचतात. तिसरा अबुधाबीमार्गे, मध्ये चार तास. नवऱ्याचं मत लंडनकडे झुकतंय, "पाच तास म्हणजे निवांत" म्हणून. माझ्या पोटात गोळा आलाय. कुणी आईवडिलांना असं पाठवलंय का?

उंटावरचा_शहाणा | ४ ऑक्टोबर २०२५

लंडनचा पर्याय आत्ताच्या आत्ता रद्द करा. पाच तास असोत की पंधरा, प्रश्न तासांचा नाहीच.

एका पीएनआरवर दोन्ही विमानं असली की बॅगा मुंबईत दिल्या त्या थेट बॉस्टनला हातात येतात. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी एअरलाइनची. दोन वेगळी तिकिटं म्हणजे एअरलाइनच्या लेखी दोन वेगळे प्रवास. बऱ्याचदा बॅगा लंडनलाच उतरतात. त्या घ्यायच्या तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर यायचं, बॅगा ओढायच्या, कदाचित टर्मिनल बदलायचं, पुन्हा चेक-इनची रांग, पुन्हा सिक्युरिटी. आणि पहिलं विमान रखडलं तर दुसऱ्या एअरलाइनच्या दृष्टीने तुमचे आईबाबा 'आलेच नाहीत'. तिकीट बुडालं.

हीथ्रोला सध्या २, ३, ४ आणि ५ अशी चार टर्मिनल आहेत (१ नंबरचं २०१५ मध्ये बंद झालं). आतल्या आत बदलायचं असेल तर बस आहे, जांभळ्या पाट्यांच्या मागे जायचं, सोपं आहे. पण ती सोय आत राहणाऱ्यांसाठी. बाहेर पडलात की व्हिसाची गोष्टच बदलते.

यंदा २३ जूनला कतारने काही तासांसाठी हवाई हद्द बंद केली होती, आठवतंय? दोह्याची विमानं भलतीकडेच उतरली. एका तिकिटावरच्या लोकांना उशिरा का होईना, पुढे पोचवलं गेलं. सुटी तिकिटं जोडून निघालेल्यांनी नवीन तिकिटं काढली.

टर्मिनल_दोन | ४ ऑक्टोबर २०२५

सहारला चेक-इन काउंटरवर काम करते, म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूने सांगते.

लोकांना वाटतं ट्रान्झिट व्हिसा त्या देशातला अधिकारी बघणार. तो बघेल तेव्हा बघेल. पहिल्यांदा बघतो आम्ही, इथे मुंबईत, रात्री एक वाजता. आमच्यासमोर 'टायमॅटिक' नावाची माहिती उघडी असते. पासपोर्ट कुठला, जायचं कुठे, मध्ये कुठे थांबणार, कुठले व्हिसे आहेत, एवढं बघून ती सांगते की माणूस जाऊ शकतो की नाही. कागद पुरे नसलेला प्रवासी आम्ही विमानात बसवला तर एअरलाइनला दंड होतो आणि त्याला परतही आणावं लागतं. त्यामुळे "अहो मी एअरपोर्टच्या बाहेर पडणारच नाहीये" या वाक्याचा काउंटरवर काही उपयोग नाही. काही देशांना तुम्ही आत बाकड्यावर बसून राहायलाही व्हिसा लागतो.

आता तुमच्या आईबाबांचं. भारतीय पासपोर्टला जर्मनीत विमान बदलायला एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा लागतो. पण अमेरिकेचा, कॅनडाचा किंवा जपानचा चालू व्हिसा असेल तर माफ. लंडनलाही आतल्या आत बदलायला भारतीयांना वेगळा व्हिसा आहे, तिथेही अमेरिकेच्या चालू व्हिसावर सूट आहे. म्हणजे एका तिकिटावर फ्रँकफुर्ट काय, लंडन काय, तुमचे दोघे व्हिसाच्या बाबतीत सुखरूप. अबुधाबीला आतल्या आत बदलायला प्रश्नच नाही.

एक लक्षात ठेवा. युरोपात दोन थांबे असलेलं स्वस्त तिकीट दिसलं, म्हणजे मुंबई-फ्रँकफुर्ट-लिस्बन-बॉस्टन असलं काही, तर हात लावू नका. फ्रँकफुर्ट ते लिस्बन हा शेंगेनच्या, म्हणजे आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाच्या, आतला प्रवास, घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यासारखा. त्यासाठी आधी घरात यावं लागतं, म्हणजे पुरता शेंगेन व्हिसा. अमेरिकेचा व्हिसा तिथे चालत नाही.

चकवा | ५ ऑक्टोबर २०२५

धागा पळवतोय, माफी. माझा भाचा मँचेस्टरला एमएस्सीला निघालाय, जानेवारीची बॅच. युकेचा स्टुडंट व्हिसा हातात आहे. त्यानेही फ्रँकफुर्टचंच तिकीट बघून ठेवलंय. वरच्या हिशोबाने त्यालाही सूट ना? युकेचा व्हिसा म्हणजे तोडीस तोड.

टर्मिनल_दोन | ५ ऑक्टोबर २०२५

नाही! थांबवा त्याला. सवलतीच्या यादीत अमेरिका, कॅनडा, जपान आहेत, युके नाही. ब्रेक्झिटनंतर युकेचा व्हिसा शेंगेनवाल्यांना परकाच. दर सप्टेंबर-जानेवारीला हे घडतं. पोराबरोबर निरोप द्यायला दहा माणसं, आजीने ओवाळलेलं कुंकू अजून कपाळावर, बॅगा वजन करून पट्ट्यावर, आणि मला सांगावं लागतं की तुला या विमानात बसवता येणार नाही. घरचे आधी माझ्यावर चिडतात, मग तिकीट काढून देणाऱ्या एजंटला फोन लावतात. एजंट रात्री एक वाजता फोन उचलत नाही.

ॲम्स्टरडॅमला भारतीयांना आतल्या आत बदलायला व्हिसा लागत नाही, तिथून मँचेस्टरला विमानं आहेत. दोहा, दुबई, अबुधाबी आहेतच. आणि जुलैपासून इंडिगोचं मुंबई-मँचेस्टर थेट विमान सुरू झालंय, तेही बघा.

चकवा | ५ ऑक्टोबर २०२५

बापरे. ताई, तुमचे उपकार. पोराला फोन केला, पैसे भरायचेच बाकी होते.

बोस्टनबाई | ५ ऑक्टोबर २०२५

वारणाकाठची, मी तुझ्याच गावात. सासूसासऱ्यांना अबुधाबीमार्गे आणलं होतं आणि पुन्हा तसंच आणीन. कारण सांगते.

अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीतच होतं. तिथल्या एअरपोर्टवर अमेरिकेचेच अधिकारी बसतात. प्रश्न, बोटांचे ठसे, फोटो सगळं तिथे उरकतं आणि इथे बॉस्टनच्या लोगन विमानतळावर माणूस न्यूयॉर्कहून आल्यासारखा उतरतो, बॅग घेतो, बाहेर. वीसेक तासांच्या प्रवासाने थकलेल्या म्हाताऱ्या माणसांना शेवटी त्या रांगेत उभं राहावं लागत नाही, हा मोठाच फायदा. आणि काही अडचण आलीच तर ती मध्येच कळते.

मात्र तिथे पुन्हा वेगळी सिक्युरिटी असते, बूट काढा, बॅग उघडा वगैरे. म्हणून दोन तासांचं कनेक्शन घेऊ नको, तुझे चार तास बरोबर आहेत. बाबांना सांगून ठेव की आधी इतर दुकानं बघायची नाहीत, उतरल्यावर सरळ अमेरिकेच्या पाट्या धरून जायचं, गेट गाठायचं आणि मग डबा उघडायचा.

न्यूअर्कपर्यंत थेट विमान आणि तिथून बॉस्टन, असंही कुणी सुचवेल. त्यात अडचण अशी की अमेरिकेत 'ट्रान्झिट' हा प्रकारच नाही. पहिल्या अमेरिकन विमानतळावर प्रत्येकाने इमिग्रेशन करायचं, बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टममधून न्यायच्या आणि पुन्हा द्यायच्या. एका तिकिटावर असलं तरी. मेक्सिकोला जाणारे भारतीयही अमेरिकेतून गेले तर त्यांना अमेरिकेचा व्हिसा लागतोच, तो याचमुळे.

निवांत | ६ ऑक्टोबर २०२५

तुम्ही सगळे मिळून त्या मुलीला घाबरवताय. लोक वर्षानुवर्षं विमानं बदलताहेत. फ्रँकफुर्टला दीड तास भरपूर आहे, त्यांची अधिकृत किमान वेळ ४५ मिनिटं आहे. आणि लेओव्हर म्हणजे शिक्षा नाही हो, मजा असते. मी तर मुद्दाम लांब थांबा घेतो. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर आठ तास काढले की प्रवासाचा शीण जातो.

उंटावरचा_शहाणा | ६ ऑक्टोबर २०२५

निवांतराव, ४५ मिनिटं तुम्हाला. फ्रँकफुर्टच्या एक नंबर टर्मिनलमध्ये ए आणि बी यांच्यामधला बोगदा चालून बघितलाय का गुडघे धरून? किमान वेळ म्हणजे विमान वेळेवर आलं, गेटला लागलं, पासपोर्ट-सिक्युरिटीला रांग नव्हती आणि माणूस तरातरा चालला, तर पोचेल. एअरलाइन त्या वेळेत तिकीट विकू शकते एवढाच त्याचा अर्थ. विमान गेटला न लागता लांब उभं राहिलं आणि बसने आणलं, की त्यातली पंधरा मिनिटं तिथेच गेली. सत्तरीच्या माणसांना तीन ते पाच तास, हे माझं मत. पाचाच्या पुढे गेलं की मग झोप आणि औषधांच्या वेळा बिघडतात.

चांगीचं म्हणाल तर तो प्रसिद्ध धबधबा असलेला 'ज्युएल' इमिग्रेशनच्या बाहेर आहे. ट्रान्झिटवाल्यांना स्कायट्रेनमधून जाताना तो दिसतो, एवढंच. खाली उतरून फोटो काढायचा तर सिंगापूरमध्ये रीतसर प्रवेश हवा. भारतीयांना अमेरिका, युके, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान वगैरे देशांच्या चालू व्हिसावर ९६ तासांची बिनव्हिसा सवलत मिळू शकते, पण ती तिसऱ्या देशात जाणाऱ्यालाच आणि अटींवर.

निवांत | ६ ऑक्टोबर २०२५

ठीक, धबधबा तुमचा. पण आठ तासांत मी कधी कंटाळलो नाही हे माझं म्हणणं कायम आहे.

अलकाताई | ७ ऑक्टोबर २०२५

मी सत्तरीची आहे आणि लेकीकडे एकटी जाऊन आले आहे, तेव्हा या वयाच्या बाजूने बोलते.

व्हीलचेअर घ्या, तुझ्या आईसाठी नक्की. लाज वाटायचं कारण नाही. तिकिटावरच नोंदवायची, निदान ४८ तास आधी एअरलाइनला कळवायचं. 'चालता येतं पण लांब नाही' असा त्यात वेगळा प्रकार असतो, तोच सांगायचा, नाहीतर विमानाच्या पायऱ्यांवरही उचलायला माणसं आणतात. मधल्या विमानतळावर व्हीलचेअरवाला मुलगा एका बसायच्या जागेत नेऊन सोडतो आणि निघून जातो. तेव्हा घाबरायचं नाही. वेळ झाली की दुसरा येतो. पण वेळ झाली तरी कुणी आलं नाही तर उठून बोर्डिंग पास दाखवायचा आणि नुसतं विमानाचं नाव बोलायचं. मी तिथे गप्प बसून राहिलेल्या बायका पाहिल्या आहेत. आणि वडिलांनी शेजारी चालत राहायचं, पुढे जाऊन गेट शोधायला निघायचं नाही. दोघांची ताटातूट होते ती तिथेच.

आता खाण्याचं. बाळंतपणाला किंवा सणाला कुणी जात असेल तर बायका अनारसे नेतात. खसखस गल्फमधून न्यायची नाही. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, ते अमली पदार्थात धरतात, आणि ट्रान्झिटमध्ये आहे म्हणून सोडत नाहीत. अनारसे, खसखशीचा मसाला, काळ्या मसाल्याची पुडी, सगळं बघून भरा. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्याही तिथे नियंत्रित आहेत. गुडघेदुखीवाल्यांच्या पिशवीत हमखास असतात, म्हणून डॉक्टरांना विचारून बदलून घ्या.

सुकं खोबरंही नेऊ नका, वाट्या तर नाहीच. पेट घेणारा माल म्हणून आपल्याकडेच काढून ठेवतात. लोणचं, तूप, ठेचा कधीच हातातल्या पिशवीत नको, त्यांच्या लेखी ते पाण्याच्या बाटलीसारखंच. मोठ्या बॅगेत नीट बांधून.

वारणाकाठची | ७ ऑक्टोबर २०२५

अलकाताई, आईने गोडा मसाला आधीच दळून ठेवलाय! आत्ता विचारलं तर म्हणाली, "त्यात खसखस नसेल तर तो गोडा मसाला कसला." आता बिनखसखशीचा नवा घाट घालावा लागणार.

मांडवीपार | ७ ऑक्टोबर २०२५

गोंयकाराकडून दोन शब्द. आमच्याकडे आता दोन विमानतळ, दाबोळी आणि मोपा. एक वास्कोजवळ, दुसरा पेडण्यात, मध्ये जवळजवळ अख्खा गोवा. तिकिटावर फक्त 'गोवा' वाचून लोक भलतीकडे जातात. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. परदेशातून येताना मुंबईला बदलणारे हमखास चुकतात.

आणि हा घोळ जगभर आहे. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, इस्तंबूलला एक विमानतळ युरोपच्या बाजूला, साबिहा गोक्चेन आशियाच्या बाजूला. दोन सुटी तिकिटं घेणारा नेमका एकावर उतरून दुसऱ्यावरून निघणारं विमान घेतो. बँकॉकला दोन्हीमध्ये फुकट बस आहे आणि थायलंडचा व्हिसाही आपल्याला सध्या लागत नाही, तेव्हा रस्त्यावरच्या गर्दीत तास दोन तास जातील, इतकंच. इस्तंबूलला मात्र तुर्कीत शिरायला व्हिसा हवा. नकाशा बघण्याआधी तीन अक्षरी कोड बघा. क्वालालंपूरला टर्मिनल १ आणि २ मध्ये तर रेल्वे आहे, तीनेक मिनिटांची, तरीही ते इमिग्रेशनच्या बाहेरून आहे.

टर्मिनल_दोन | ८ ऑक्टोबर २०२५

वारणाकाठची, काउंटरवर बाबांनी बघायच्या गोष्टी सांगते, छापून त्यांच्या खिशात ठेव.

बॅगेला लावतात त्या लांब चिकटपट्टीवर सगळ्यात मोठ्या अक्षरात तीन अक्षरं असतात. ती 'बी-ओ-एस' असली पाहिजेत. तिथे मधल्या विमानतळाचा कोड दिसला तर बॅग पट्ट्यावर जाऊ द्यायची नाही, आधी विचारायचं. त्याच पट्टीचे छोटे तुकडे बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून देतात. बॅगा जेवढ्या, तुकडे तेवढे. ते बोर्डिंग पास फेकून द्यायचे नाहीत, घरी पोचेपर्यंत जपायचे.

दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास मुंबईतच मागून घ्यायचे. दुसऱ्यावर गेट छापलेला नसेल, ते चालतं, तो मधल्या विमानतळाच्या पडद्यावर बघायचा आणि तासाभराने पुन्हा बघायचा, कारण बदलतो. दुसरा पास दिलाच नाही तर उतरल्यावर 'ट्रान्सफर'च्या काउंटरवर जायचं. 'अरायव्हल'च्या पाटीकडे वळायचं नाही, ही एकच गोष्ट पाठ झाली तरी निम्मं काम झालं. फोनमध्ये सगळं आहे म्हणून कागद न घेता येणारे पुष्कळ. बॅटरी संपली की तेच आमच्याकडे चार्जर मागतात.

उंटावरचा_शहाणा | ८ ऑक्टोबर २०२५

वर दिल्लीच्या विमानांबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो. एप्रिलपासून पाकिस्तानची हवाई हद्द आपल्या विमानांना बंद आहे, म्हणून दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं व्हिएन्नाला इंधन भरायला उतरताहेत. तेव्हा प्रवासी आतच बसून असतात. हे ट्रान्झिट नव्हे, त्याला व्हिसा लागत नाही. माझ्या एका मित्राच्या वडिलांनी त्या भीतीने तिकीट रद्द केलं होतं.

इथून परतीचंही सांगायला हवं. एच१बीवाले, ज्यांचा पासपोर्टमधला शिक्का संपलाय आणि नुसत्या मंजुरीच्या कागदावर अमेरिकेत राहताहेत, त्यांनी भारतात येताना फ्रँकफुर्ट किंवा लंडनचा रस्ता धरूच नये. कागदावर तुम्ही कायदेशीर आहात, पण काउंटरवरचा माणूस 'चालू व्हिसा' शोधतोय. गल्फचा रस्ता बिनधोक.

वारणाकाठची | ११ ऑक्टोबर २०२५

अबुधाबीचं तिकीट काढलं, एका पीएनआरवर, आईला व्हीलचेअरसकट. नवरा म्हणतोय लंडनपेक्षा महाग पडलं. त्याला हा धागा पाठवलाय.

चकवा | १७ जानेवारी २०२६

धागा वर आणतोय. बातमी वाचली का? जर्मनीने भारतीय पासपोर्टवाल्यांना ट्रान्झिट व्हिसातून सूट द्यायची घोषणा केली, १२ तारखेला त्यांचे चान्सलर भारतात आले होते तेव्हा. भाचा ॲम्स्टरडॅममार्गे गेला, पोचला. आता धाकट्याचं सप्टेंबरचं आहे. त्याच्यासाठी फ्रँकफुर्ट बिनधास्त काढू का?

टर्मिनल_दोन | १७ जानेवारी २०२६

घोषणा झाली म्हणजे आमचा पडदा त्याच दिवशी बदलत नाही. नियम तिकडे लागू होतो, मग टायमॅटिकमध्ये येतो, मग मी प्रवासी सोडते. सप्टेंबरला वेळ आहे. तिकीट काढायच्या दिवशी जर्मन दूतावासाच्या पानावर लागू झाल्याची तारीख बघा, ती तुमच्या प्रवासाच्या आधीची हवी. आणि लक्षात ठेवा, सूट एकाच विमानतळावर आतल्या आत बदलणाऱ्याला. फ्रँकफुर्टहून म्युनिकला जाऊन मग मँचेस्टर, हे त्यात बसत नाही.

विदर्भवाला | १९ जानेवारी २०२६

माझा छोटा प्रश्न. नागपूरहून सकाळच्या विमानाने नवी मुंबईला उतरतोय, तिकीट स्वस्त मिळालं. त्याच दिवशी दुपारी सहारहून दुबई. मध्ये साडेतीन तास आहेत. दोन्ही 'मुंबई'च, पुरेल ना?

टर्मिनल_दोन | १९ जानेवारी २०२६

नाही पुरणार. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबरअखेर सुरू झालाय, कोड एनएमआय. सहारचा बीओएम. दोन्हीमध्ये पस्तीस-चाळीस किलोमीटरचा रस्ता, वाशी, चेंबूर, सांताक्रूझ असा, आणि सोमवारी सकाळी असाल तर देव तुमचं भलं करो. तुमची तिकिटं वेगळी, म्हणजे बॅग उचलून बाहेर यायचंच आहे, आणि दुबईचा काउंटर विमानाच्या तासभर आधी बंद होतो. नागपूरहून थेट सहारला येणारं विमान घ्या. ते सांताक्रूझला एक नंबर टर्मिनलला उतरत असेल तरी परवडलं. एक आणि दोनमध्ये मेट्रो तीनची दोन वेगळी स्टेशनं आहेत, बॅगा फार नसतील तर तीच धरा.

विदर्भवाला | १९ जानेवारी २०२६

आदल्या रात्रीचं विमान बदलून घेतलं. मावशीकडे पार्ल्याला मुक्काम.